अनुकार आणि पाठरक्षण : श्री. निकोला साल्मोरिया यांच्या कार्याचा परामर्श

१

संशोधनपत्रिकेत खेळाच्या यंत्रांविषयी लेख पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. कदाचित थोडा विषादही वाटेल. म्हणून लेखाचा हेतू आरंभीच सांगणे बरे. इटलीतील श्री. निकोला साल्मोरिया या गणिताच्या विद्यार्थ्याने, कोणाच्याही नोकरीत नसता आणि कोणतेही अनुदान न घेता, केवळ हौसेने १९९६ च्या अखेरीस एक काम हाती घेतले. नाणे टाकून खेळावयाच्या जुन्या व्हिडिओ-यंत्रांची अंतर्रचना जाणून घेऊन ती आजच्या संगणकावर जशीच्या तशी वठविणे, हे ते काम. त्यातून निघालेल्या आज्ञावलीस 'मेम' म्हणतात. 'मल्टिपल आर्केड मशीन इम्युलेटर' या नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द बनला आहे. इम्युलेटर या शब्दास येथे 'अनुकारक' असा प्रतिशब्द योजिला आहे.

सामान्यतः या कामाचा गौरव 'जुने खेळ पुन्हा खेळता आले' एवढ्याच शब्दांत होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा गौरव अपुरा आहे. साल्मोरिया यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले ते वस्तुतः पाठरक्षणाचे कार्य होय. हस्तलिखितांच्या क्षेत्रात आपल्याकडे वि. का. राजवाडे यांनी आणि पुढे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या संपादकांनी जे कार्य केले, त्याच जातीचे ते आहे. हे दाखविता आले, तर आपणांस त्यापासून काय घ्यावयाचे तेही स्पष्ट होईल. आणि घेण्याची निकड आहे, असे लेखकास स्वानुभवावरून वाटते.

२

प्रथम वस्तू कोणती हे पाहू. १९९० नंतरच्या दशकात लातूरसारख्या जिल्ह्याच्या गावी व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली. रेणापुराहून बाजारास किंवा दवाखान्यास वडीलधाऱ्यांबरोबर गेलेली मुले संधी साधून तेथे डोकावत. अंधारी खोली, उभ्या लाकडी पेट्या, आणि खेळणाऱ्या एकामागे पाहणारे दहा, असे ते दृश्य होते. प्रस्तुत लेखक त्या पाहणाऱ्या दहांपैकी एक असे. खेळण्याचा योग क्वचितच आला.

त्या पेट्यांतील सर्वांत लोकप्रिय खेळास मुले 'मुस्तफा' म्हणत. त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स'. जपानमधील कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. त्यातील चार पात्रांपैकी एकाचे नाव मुस्तफा कैरो. इंग्रजी नाव जिभेवर बसेना, चित्रातील पिवळी टोपी घातलेला गडी मात्र डोळ्यांत भरला आणि त्याचे नाव ओळखीचे निघाले. म्हणून त्या एका पात्राच्या नावाने अवघा खेळ ओळखला जाऊ लागला. अंशावरून अंशीस नाव पडण्याचे हे सुरेख उदाहरण आहे. आणि ते केवळ मराठवाड्यातच नव्हे, भारतात अनेक ठिकाणी रूढ झाले. 'लाइफ गेली', 'स्टेज काढली', 'कॉइन टाक' हे प्रयोगही त्याच खोल्यांतून मराठीत आले. नाम परके आणि क्रियापद घरचे, ही घडण भाषाभ्यासकास परिचित आहे.

पुढे ती पार्लरे बंद पडली. पेट्यांचे लाकूड, काच आणि तांब्याची तार भंगारात गेली. खेळ मात्र नष्ट झाला नाही, आणि त्याचे कारण साल्मोरिया व त्यांच्यासारखे हौशी लोक होत.

३

हस्तलिखित आणि त्यावरील मजकूर या दोन वस्तू आपण मनात सहज वेगळ्या करतो. अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी सुमारे चाळीस फूट लांबीचे कापड आहे. पण पासोडीवरील ओव्या कापडावाचून, छापील पानावरही, ओव्याच राहतात. आर्केड यंत्राच्या बाबतीत ही फारकत इतकी सोपी नाही. त्याचा 'मजकूर' स्मृतिचिपांत साठविलेल्या अंकांच्या रूपात असतो, आणि ते अंक ज्या विशिष्ट यंत्रासाठी लिहिले त्या यंत्रावाचून निरर्थक असतात. शिवाय या चिपा चिरंजीव नव्हेत. त्यांपैकी अनेकींत एकेक अंक म्हणजे विद्युत्भाराचा सूक्ष्म साठा असतो. तो कालांतराने झिरपून जातो आणि मजकूर आपोआप पुसट होतो. वाळवीचेच हे कार्य; वाळवी मात्र दिसत नाही इतकेच.

म्हणून रक्षणाची दोन अंगे होतात. पहिले, चिपेतील अंक बिनचूक उतरवून घेणे. दुसरे, ज्या यंत्राने ते वाचावयाचे त्याचे संपूर्ण वर्णन करणे. साल्मोरिया यांनी हाती घेतले ते हे दुसरे अंग.

आरंभ लहान होता. जपानमधील नॅम्को कंपनीने १९८० साली काढलेला 'पॅक-मॅन' हा तोरू इवातानी यांचा खेळ जगप्रसिद्ध आहे. त्याच जातीच्या मंडलावर चालणारे आणखी काही खेळ होते. त्या सर्वांसाठी एकच अनुकारक करावा म्हणून साल्मोरिया यांनी १९९६ च्या डिसेंबरात 'मल्टि-पॅक' नावाची आज्ञावली लिहावयास घेतली. अन्य यंत्रेही त्याच चौकटीत बसतात असे दिसल्यावर नाव बदलले, आणि ५ फेब्रुवारी १९९७ रोजी 'मेम'ची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली.

हे काम कसे चालते, ते पॅक-मॅनवरूनच पाहू. त्या यंत्राचा मेंदू म्हणजे झिलॉग कंपनीचा झेड-८० हा प्रक्रियक. त्याची गती सेकंदास सुमारे तीस लक्ष स्पंदनांची. त्यास दिसणाऱ्या स्मृतीतील पहिली १६,३८४ स्थाने मूळ आज्ञावलीची. पुढील १,०२४ स्थाने पडद्यावर कोणती चित्रखूण कोठे आहे हे सांगणारी. त्यापुढील १,०२४ रंगांची. कोणत्या स्थानी काय लिहिले असता ध्वनी उमटतो, कोणते स्थान वाचले असता खेळगड्याच्या हातातील दांड्याची दिशा कळते, याचा असाच नकाशा आहे. हा नकाशा मंडलावर कोठे छापलेला नसतो. तारांचा मागोवा घेऊन, अंकांचे वाचन करून, तर्काने आणि पुनःपुन्हा पडताळून तो सिद्ध करावा लागतो. मेममधील प्रत्येक यंत्राच्या प्रकरणात असा नकाशा येतो, आणि पॅक-मॅनच्या प्रकरणाच्या आरंभी तर तो टीपेच्या रूपात सविस्तर मांडला आहे. जो ते प्रकरण वाचील त्यास खेळ न खेळताही यंत्र समजेल. खेळता येणे हा वर्णन बरोबर असल्याचा पुरावा होय, हीच भूमिका मेमच्या कर्त्यांनी सातत्याने मांडली. व्याकरणकाराने नियम सांगावे आणि त्या नियमांनी शुद्ध वाक्ये सिद्ध व्हावीत, तसे हे आहे.

२००२ साली साल्मोरिया यांनी सिएना विद्यापीठाची गणितातील पदवी घेतली. पदवीच्या प्रबंधाचा विषय मेम हाच होता. हौसेचे काम विद्यापीठात आले ते या क्रमाने, आधी काम आणि मग मान्यता.

४

पाठचिकित्सेशी साम्य येथेच संपत नाही. आर्केडचे खेळ एकाच रूपात प्रसृत झाले नाहीत. जपानमध्ये पॅक-मॅनचे नाव 'पक-मॅन' होते. अमेरिकेत मिडवे कंपनीने तो नव्या नावाने काढला. पुढे एका तिसऱ्या मंडळीने मूळ खेळात फेरफार करून जी आवृत्ती सिद्ध केली तीच मिडवेने 'मिस पॅक-मॅन' म्हणून १९८२ साली बाजारात आणली. याखेरीज चोरून केलेल्या नकला, दुरुस्त आवृत्त्या, देशोदेशीची भाषांतरे, असा पसारा आहे.

मेमने यांतील एकच 'चांगली' प्रत ठेवून बाकीच्या टाकून दिल्या नाहीत. प्रत्येक खेळाची एक प्रत जनक मानिली आणि अन्य प्रतींची नोंद तिच्या अपत्यांच्या रूपाने, कोणती चिप कोठे भिन्न आहे हे दाखवून केली. पॅक-मॅनच्या बाबतीत जनकपद जपानी 'पक-मॅन'कडे आहे, जगप्रसिद्ध अमेरिकी प्रतीकडे नाही. चोरट्या नकलाही नोंदीत आहेत, आणि त्या नकला आहेत असे स्पष्ट लिहिलेले आहे. १९१९ ते १९६६ या काळात पुण्यास महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या शिस्तीने सिद्ध झाली, त्या शिस्तीचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. तेथेही प्रक्षिप्त भाग फेकून दिला नाही. तळटीपांत व परिशिष्टांत ठेवला. लोकप्रिय पाठ आणि प्राचीन पाठ हे एकच असतील असे संपादकांनी गृहीत धरिले नाही. मेमच्या कर्त्यांनी पाठचिकित्सेचे ग्रंथ वाचले असावेत असे सुचविण्याचा हेतू नाही. एकाच जातीच्या अडचणीस प्रामाणिक माणसे एकाच जातीचे उत्तर शोधतात, एवढेच म्हणावयाचे आहे.

५

आता या इतिहासातील सर्वांत बिकट प्रकरणाकडे वळू. नकला होऊ नयेत म्हणून कॅपकॉमने आपल्या यंत्रांस कुलपे घातली. 'मुस्तफा'च्या यंत्रात ध्वनीचा कारभार पाहणारा प्रक्रियक 'काबुकी' नावाचा होता. तो मुळात झेड-८०च, पण त्याची आज्ञावली कूटरूपात होती आणि कूटाची किल्ली एका लहानशा बॅटरीच्या आधारे जिवंत राहणाऱ्या स्मृतीत होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि यंत्र मुके होई. १९९३ पासूनच्या 'सी. पी. सिस्टिम-२' या मंडलात तर खेळाची मुख्य आज्ञावलीच अशी कुलूपबंद होती. तेथे बॅटरी संपली म्हणजे खेळच संपला. या बॅटरीस हौशी मंडळींत 'आत्महत्येची बॅटरी' असेच नाव पडले. वस्तूच्या मृत्यूची मुदत निर्मात्यानेच तिच्या पोटात ठेविली, असा हा प्रकार होय.

महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ आदी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. हेतू रक्षणाचा होता, आणि पंथापुरते रक्षण झालेही. परंतु पंथाबाहेरच्या अभ्यासकास आद्य मराठी गद्याचे हे भांडार शतकानुशतके बंद राहिले. ती लिपी राजवाडे यांनी उकलून दाखविली, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. गुप्तता आणि रक्षण या दोन गोष्टी काही काळ एकत्र नांदतात. पण किल्ली ठाऊक असणारा शेवटचा मनुष्य, किंवा शेवटची बॅटरी, गेली की गुप्तता हीच विनाशाचे कारण होते.

सी. पी. सिस्टिम-२ च्या बाबतीत २००१ साली एका हौशी गटाने चालू मंडलांकडूनच उलगडलेला मजकूर काढून घेण्याची युक्ती साधली. ती उपयुक्त होती, पण प्रत्येक खेळासाठी जिवंत मंडल हाती असणे आवश्यक होते, आणि कूटाचा नियम अद्याप कळला नव्हता. तो २००७ च्या जानेवारीत कळला. अक्षरांची अदलाबदल करून पुन्हा मिसळण्याची क्रिया चार चार फेऱ्यांनी दोनदा होते, आणि प्रत्येक खेळाची किल्ली ६४ अंकस्थानांची आहे, असे सिद्ध झाले. हा उलगडा अँड्रियास नाइव्ह या नावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने व साल्मोरिया यांनी केला.

येथे एक बारीक गोष्ट नमूद करावयास हवी. मेममधील त्या प्रकरणाच्या शिरोभागी कूट फोडण्याचे सारे श्रेय नाइव्ह यांस दिले आहे. साल्मोरिया यांचे नाव आज्ञावलीचे लेखक म्हणून येते, आणि यंत्रातून अंक काढून देणाऱ्या दोघांचे आभार मानिले आहेत. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी प्रकल्प स्थापिला त्यांनी आपला वाटा एवढाच दाखवावा, हे आपल्या विद्याक्षेत्रातही नेहमी आढळते असे म्हणवत नाही.

६

श्रेयाचा प्रश्न निघाला तेव्हा प्रकल्पाच्या हस्तांतराविषयीही लिहिले पाहिजे. पहिली आवृत्ती निघून दोन महिने होतात तोच, एप्रिल १९९७ मध्ये साल्मोरिया यांस राष्ट्रीय सेवेसाठी जावे लागले. त्यांनी काम थांबविले नाही. मिर्को बुफोनी या देशबांधवाच्या हाती ते सहा महिन्यांसाठी सोपविले. पुढे २००३ पासून डेव्हिड हेवुड, २००५ पासून २०११ पर्यंत अॅरन जाइल्स, त्यानंतर अँजेलो सालेसे आणि २०१२ पासून मिओद्राग मिलानोविच यांनी संयोजन सांभाळले. घरगुती संगणकांचा अनुकार करणारा 'मेस' हा भगिनीप्रकल्प २०१५ साली मेममध्ये विलीन झाला, आणि २०१६ साली अवघी आज्ञावली मुक्त परवान्याखाली आली. २०१४ साली इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथालयाने नऊशेंहून अधिक आर्केड खेळ सर्वांपुढे ठेविले, तेही याच कामाच्या बळावर.

एका व्यक्तीच्या गौरवाच्या लेखात इतरांची नावे इतकी का, असे कोणी विचारील. उत्तर असे की, हौशी कार्य बहुधा कर्त्याबरोबर संपते. बस्त्यांतील टिपणे पुढच्या पिढीस वाचता येत नाहीत आणि घरच्यांस त्यांचे मोल कळत नाही. साल्मोरिया यांनी आरंभापासून काम उघड्यावर ठेविले, दुसऱ्यास समजेल असे लिहिले आणि वेळ येताच सोडून दिले. त्यांच्या गुणांत या शेवटच्या गुणाची किंमत लेखकास सर्वांत अधिक वाटते.

७

आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप कायद्याचा. अनुकारक बनविणे आणि खेळाचा मजकूर वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेम मजकूर पुरवीत नाही. मजकुरावरील हक्क त्याच्या मालकाकडे राहतो. तरी मालकांनी जे विकणे सोडून दिले त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओ खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळत नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात आढळले. कायद्याने जे राखले नाही ते हौशी लोकांनी राखले, ही वस्तुस्थिती मान्य करूनच कायद्याची चर्चा व्हावी.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अनुकार म्हणजे मूळ नव्हे. लातूरच्या त्या खोलीतील उकाडा, वीज गेली म्हणजे उठणारा ओरडा, मागे उभ्या असलेल्या दहा जणांचे सल्ले, यांतले काहीही मेममध्ये नाही. हा आक्षेप खरा आहे. परंतु तो साल्मोरिया यांच्या कार्याचा दोष नसून आपल्या कर्तव्याची सूचना आहे. यंत्र त्यांनी राखले. त्या यंत्राभोवती आपल्या मुलांनी जी भाषा घडविली ती राखणे त्यांचे काम नव्हते. 'मुस्तफा' हे नाव कोणत्या गावी रूढ होते, कोठे दुसरे होते, कोणते शब्द आले आणि कोणते टिकले, याची नोंद भाषाविभागांनी करावयाची. ते बोलणारे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. काम अद्याप होण्यासारखे आहे.

८

शेवटी, हा विषय लेखकाच्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा का राहिला नाही, ते सांगतो.

आमच्या एका दिवंगत ज्येष्ठ स्नेह्यांनी रेणापूर आणि आसपासच्या खेड्यांतून शेतीच्या अवजारांचे व कामांचे शब्द जमविले होते. तिफण, चाडे, मोघडा, वखर हे शब्द सर्वांस ठाऊक. पण त्यांच्या लहान लहान भागांची, दोरांची, गाठींची नावे त्यांनी म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून विचारून घेतली होती. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी ती सूची संगणकावर टंकित करविली. त्यांच्या पश्चात पाच फ्लॉपी आणि अकरा छापील पाने आमच्या हाती आली. फ्लॉपींवरील अंक वाचता आले. अक्षरे मात्र निघाली नाहीत. भारतीय लिप्यांची 'इस्की' ही प्रमाण संकेतावली १९९१ साली ठरली असली, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली असली, तरी त्या काळी बहुतेक मराठी टंकन ज्या त्या फाँटच्या खाजगी मांडणीने होत असे. मूळ आज्ञावली जुन्या संगणकाच्या अनुकारकात चढविली. तिने कुलूप मागितले, म्हणजे संगणकामागे लावावयाचा तो लहानसा ठोकळा. तो केव्हाच हरवला होता.

तेव्हा अकरा छापील पाने एका बाजूस आणि निरर्थक चिन्हांची रांग दुसऱ्या बाजूस ठेवून आम्ही कोष्टक तयार केले. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार अक्षराच्या नंतर येतो, जोडाक्षराचा अर्धा भाग स्वतंत्र चिन्ह असतो, हे नियम हळूहळू कळले. दोन उन्हाळ्यांच्या सुट्या गेल्या. सूचीचा बहुतेक भाग आज वाचता येतो. काही जोडाक्षरे मात्र त्या अकरा पानांत कोठेच आलेली नाहीत. ती ज्या शब्दांत आहेत ते शब्द आम्हास लागत नाहीत, आणि ज्यांनी ते सांगितले ते शेतकरी आता हयात नाहीत.

आमच्या विद्यापीठांतील त्या काळचे किती प्रबंध, किती शब्दसूच्या आणि किती लोकगीतसंग्रह याच स्थितीत असतील, याचा विचार वाचकांनीच करावा. साल्मोरिया यांच्या पद्धतीतून तीन गोष्टी आपणांस आजच घेता येतील. प्रबंध स्वीकारताना छापील प्रतीबरोबर मूळ फाइल, तिचा फाँट आणि तिच्या मांडणीचे वर्णन विभागाने ठेवून घ्यावे. जुन्या फाइलींची अंकशः प्रत, ती वाचता येत नसली तरी, उतरवून ठेवावी; किल्ली उद्या सापडेल, पण पुसलेला अंक परत येत नाही. आणि ज्याने जे कोष्टक केले असेल त्याने ते उघडे करावे, कर्त्याचे व साहाय्यकांचे नाव त्याच्या शिरोभागी लिहून.

आमचे कोष्टक, मूळ अंक आणि न लागलेल्या शब्दांची यादी विभागात ठेविली आहे. ज्यांच्याजवळ त्या काळचे तत्सम टंकलेखन असेल, एखादे पान जरी असेल, त्यांनी ते पडताळणीसाठी दाखवावे, अशी विनंती आहे.